पाडावा की दुरुस्त करावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाईंनी मला विचारले, "या खेपेस तुम्ही काही तरी बोलाल का?" मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई, मी काय बोलणार?" तर त्या म्हणाल्या, "तुमच्या ओट्याचेच सांगा की! उन्हाळाभर सगळ्या गावाने विचारले, पाडणार की ठेवणार म्हणून." तेव्हा तेच सांगते. विषय घरगुती आहे, पण तुमच्यापैकी पुष्कळजणी त्या ओट्यावर बसून पापड लाटून गेल्या आहेत, त्यामुळे तो अगदीच माझ्या एकटीचा नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमचे घर उतारावर आहे. पुढच्या दाराशी खळे सपाट, आणि स्वयंपाकघराचे मागले दार उघडले की जमीन एकदम कंबरभर खाली. मामंजींनी १९९१ साली तेथे लाकडी ओटा करून घेतला. बारा फूट लांब, आठ फूट रुंद. घराच्या बाजूने एक लांब तुळई चिऱ्याच्या भिंतीला ठोकलेली, बाहेरच्या बाजूला तीन खांब, त्या दोहोंच्या मधे सात आडवे वासे आणि वर फळ्या. भोवती कठडा आणि खाली मागीलदारी उतरायला पाच पायऱ्या. लाकूड ऐनाचे आणि किंजळीचे. त्या काळी आपल्या दापोली तालुक्यात घरबांधणीला हेच लाकूड नेहमी वापरीत, साग परवडणाऱ्यांच्या घरी.

चौतीस पावसाळे त्या ओट्याने काढले. आपल्याकडचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. शिवाय समुद्राची खारी हवा. फळ्या काळ्या-करड्या पडल्या, दोनचार चिरफळल्या, कठडा हात लावला की हलू लागला. एके दिवशी मंडळाचे पापड चालले असताना एका कोपऱ्यातून कर्रकन आवाज झाला. आपण सगळ्या हसलो. कोणी तरी म्हणाले, "आता वजन कमी करायला हवे!" पण मला काही त्या रात्री झोप आली नाही. मनातल्या मनात हिशेब केला. बाराजणी, सरासरी साठ किलो धरल्या (कोणाचे किती ते मी येथे सांगत नाही), तर सातशेवीस किलो झाले. वर पोळपाट, पिठाचे डबे, पाण्याची कळशी. म्हणजे सात क्विंटलांच्या वर भार, आणि तोही रोजचा सवयीचा नव्हे, एकदमच येणारा.

घरात विषय काढला तर तीन माणसांची तीन मते. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणाला, "आई, पाडून टाक. सिमेंटचा स्लॅब घालू, पुन्हा बघायला नको." आमचे हे म्हणाले, "चार फळ्या बदलू, दोन टेकू लावू, पाचसहा वर्षे निघतील." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा समजावे की मनात पुष्कळ आहे.

सासूबाईंचे वय आज एक्क्याऐंशी. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला आता नऊ वर्षे झाली. पण मागीलदारी जायला त्यांना कोणाचा हात लागत नाही. दारातून चार पावले, मग कठडा हाताला लागतो, कठडा संपला की पाच पायऱ्या. उतरून तुळशीपाशी, तेथून न्हाणीकडे. सगळा रस्ता त्यांच्या पायांना पाठ आहे. आणखी एक गोष्ट मला इतकी वर्षे घरात राहून कळली नव्हती, ती त्यांनीच सांगितली. ओट्यावर कोण आले ते त्यांना फळ्या सांगतात. आमच्या ह्यांचे पाऊल पडले की तिसरी फळी वाजते, माझे पडले की वाजत नाही, आणि मांजर असले तर नुसती टकटक. त्या म्हणाल्या, "अगो, तुझा सिमेंट काही बोलायचा नाही माझ्याशी."

तरी मी ठरवले की आधी ओट्याची स्थिती नीट बघायची. त्याचे कारण असे, की दोन सुतार आणले तर एकाचे दुसऱ्याशी जुळेना. पहिला वरून चालला, एक फळी बुटाने दाबली आणि म्हणाला, "वहिनी, सगळा काढायला हवा. साग घालून देतो, पंच्याऐंशी हजार." दुसरा मिस्त्री पण वरूनच चालला. तो म्हणाला, "काही झाले नाही, सातआठ फळ्या बदलतो, नऊ हजारांत काम." दोघांपैकी एकाही गृहस्थाने खाली वाकून पाहिले नाही! आजारी माणसाची नाडी न बघता एकाने ऑपरेशन सांगितले, दुसऱ्याने सुंठ-साखर.

मग एप्रिलमध्ये दुपारच्या वेळी पदर खोचला, डोक्याला फडके बांधले, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात पेचकस घेऊन मीच ओट्याखाली शिरले. हे पेचकसाचे मला माझ्या भाचीने सांगितले होते. वन्संची मुलगी ती, न्यूजर्सीला असते. तिकडे पुष्कळ घरांच्या मागे असाच लाकडी ओटा असतो, त्याला ते डेक म्हणतात, आणि तिचाही जुना झाल्यामुळे तिलाही हाच प्रश्न पडला होता. तिने सांगितले ते असे. लाकडाच्या रंगावर जाऊ नये. ऊनपावसाने लाकूड वरून करडे होतेच, ते कुजणे नव्हे. पेचकसाचे टोक लाकडात खुपसून पाहावे. निबर लाकडात ते जात नाही, कुजलेल्यात लोण्यात सुरी जावी तसे जाते. आणि खुपसायचे कोठे, तर जेथे पाणी थांबते तेथे. लाकडाची टोके, दोन लाकडांचे सांधे, खिळ्यांभोवती, मातीजवळ, आणि मुख्य म्हणजे घराच्या भिंतीला टेकलेली बाजू.

मी कॅलेंडरच्या पाठीवर ओट्याचे चित्र काढले होते. एकेक लाकूड तपासून तेथे खूण करीत गेले. तासाभराने बाहेर आले तेव्हा केसात कोळिष्टके होती, पण ओट्याची कुंडली हातात होती.

फळ्यांबद्दल सगळ्यांचीच समजूत चुकीची निघाली. वीस फळ्यांपैकी चौदा अगदी ठणठणीत होत्या. वरून त्या म्हाताऱ्या दिसत होत्या इतकेच. पण ज्यांच्यावर त्या बसल्या होत्या ते सात वासे पाहिले तर त्यांतले चार भिंतीकडच्या टोकाला वीतवीतभर कुजलेले. पेचकस मुठीपर्यंत गेला. आणि भिंतीला ठोकलेली तुळई तर वरून गुळगुळीत नि मागून भुसा. का, तर आमच्या कौलांच्या पागोळ्या बरोबर भिंत आणि तुळई यांच्या सांध्यावर पडत. चौतीस वर्षे ते पाणी त्या फटीत मुरत होते, आणि जांभा दगड काही पाणी लवकर सोडत नाही. खिळे गंजून सुईसारखे झालेले. खांबांपैकी दोन उत्तम, कारण ते चिऱ्यावर उभे होते. तिसऱ्याच्या बुडाशी आम्ही वर्षानुवर्षे आळ्याची माती ओढत आलो, त्यामुळे चिरा मातीखाली गेला आणि वाळवीला जिना मिळाला. तिचा मातीचा बोगदा सरळ खांबावर चढला होता.

म्हणजे झाले होते काय, की जे दिसत होते ते बरे होते आणि जे दिसत नव्हते ते गेलेले होते. नऊ हजारांची दुरुस्ती केली असती तर आम्ही चांगल्या फळ्या काढून नव्या घातल्या असत्या, आणि त्या कुजलेल्या वाशांवरच ठोकल्या असत्या. वरून लखलखीत ओटा, त्यावर बारा बायका. भाचीने मला एक हकीकत सांगितली, ती मी विसरत नाही. २०१५ सालच्या जूनमध्ये अमेरिकेत बर्कले गावी एका इमारतीच्या वरच्या मजल्याची गॅलरी तेरा तरुण मुलामुलींसकट कोसळली. सहाजण गेले. तपासात निघाले ते हेच. आतले वासे पाणी मुरून कुजले होते, आणि बाहेरून बघणाराला काही दिसत नव्हते. इमारत काही जुनीपुराणी नव्हती, दहा वर्षांचीही नसेल.

तेव्हा नुसती दुरुस्ती नाही, हे पहिले ठरले. हे ह्यांना पटवायला वेळ लागला नाही. त्यांच्या हातात पेचकस दिला आणि खाली पाठवले. वर आले ते हात धुऊन गप्प चहा प्यायले.

आता प्रश्न राहिला स्लॅब की लाकूड. येथे मी त्रैराशिक मांडले. सातवीपर्यंतच्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग! दुरुस्ती नऊ हजार आणि मिस्त्रीच्या मते दोन पावसाळे, म्हणजे वर्षाला साडेचार हजार. नवा लाकडी ओटा, जुन्या चांगल्या फळ्या आणि घरचे लाकूड वापरून, बेचाळीस हजार. पंधरा वर्षे धरली तर वर्षाला अठ्ठावीसशे. स्लॅब सत्तर हजार, तीस वर्षे धरली तर वर्षाला साधारण तेवीसशे. म्हणजे सगळ्यांत महाग ती स्वस्त दुरुस्तीच ठरली, आणि खरे सांगायचे तर आकड्यांत स्लॅब जिंकला. मी काही स्लॅबची निंदा करणार नाही. माझ्या जाऊबाईंकडे आहे. त्यावर पापड आमच्यापेक्षा लवकर वाळतात आणि दर वर्षी तेलपाणी करावे लागत नाही. मात्र आपल्या खाऱ्या हवेत आतले गज गंजतात, गंजले की फुगतात आणि खालून सिमेंटचे पोपडे पडतात, तेव्हा तीस वर्षे हा आकडा मी उदार मनाने धरला आहे.

पण सत्तर हजार एकदम आणायचे कोठून? माझ्याजवळ आमसुलांचे आणि आगळाचे साठवलेले पंचवीस हजार होते. ते माझे स्वतःचे. मंडळात माल विकायला लागल्यापासून पै-पै बाजूला टाकलेले. ते मी पुढे केले तेव्हा घरातले बोलणे जरा बदलले. त्यापूर्वी मी ओट्याबद्दल बोलले की "बघू" म्हणत. पंचवीस हजार समोर ठेवल्यावर "तुझे काय म्हणणे आहे?" असे विचारू लागले. याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

आणि घरचे लाकूड म्हणाले ते हे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ झाले, त्यात आमचा विहिरीजवळचा जुना फणस मुळासकट आडवा झाला. दापोली-मंडणगडात त्या दिवशी किती बागा झोपल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा सॉ मिलवर नेऊन त्याच्या फळ्या पाडून घेतल्या होत्या आणि माळ्यावर काठ्यांच्या चकत्या घालून एकावर एक रचून ठेवल्या होत्या. पाच वर्षे वारा लागून त्या छान वाळल्या. ओले लाकूड लावले तर ते पुढे वाकते, तडकते, म्हणून जाणते लोक इंचभर फळीला वर्षभर तरी सावलीत वाळू देतात. फणसाच्या गाभ्याचे पिवळे लाकूड टिकाऊ, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. बाहेरचा पांढरा भाग मात्र बिनकामाचा, तो मी कापून टाकायला लावला.

या सगळ्यावर सासूबाईंचे पाय. स्लॅब घालायचा तर खणणे, खांब उभे करणे, पाणी मारणे, यात उंची बदलणार, पायऱ्या बदलणार. मुलगा म्हणाला, "आजीला सवय होईल." मी म्हटले, "बाळा, एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला सवय होईपर्यंत पडायला एकदाच पुरते." तो थोर मनाचा मुलगा आहे. पुढे वाद घातला नाही, दहा हजार पाठवले. राहिलेले सात ह्यांनी घातले.

तेव्हा असे ठरले की सांगाडा सगळा नवा, चौदा फळ्या जुन्या, सहा फणसाच्या. माप एक बोटभरही बदलायचे नाही. तिसऱ्या मिस्त्रींना बोलावले. ते आधी खाली वाकले, तेव्हाच मी काम त्यांना दिले. पाडण्यापूर्वी मी स्वतः दोरीने मापे घेतली. दारापासून कठड्यापर्यंत किती, कठड्याची उंची किती, प्रत्येक पायरी किती उंच नि किती रुंद. दुसरी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच बुटकी होती. मिस्त्री म्हणाले, "ही सरळ करून टाकू." मी म्हटले, "नको. तशीच करा." ते माझ्याकडे बघत राहिले.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम बदलल्या. ओटा आता भिंतीला ठोकलेला नाही. घराच्या बाजूलाही तीन खांब घेतले आणि भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडले, म्हणजे पागोळीचे पाणी सरळ खाली जाते. शिवाय कौलाला पन्हळ लावली, ती तर फार पूर्वीच लावायला हवी होती असे गवंडीदादाही म्हणाले. सगळे खांब जमिनीवर वीतभर चिरा ठेवून त्यावर. दुसरे म्हणजे पूर्वी फळ्या अंगाला अंग लावून ठोकल्या होत्या, त्यात पाला-माती साचे. आता दोन फळ्यांत पेन्सिल बसेल एवढी फट आहे. त्याहून जास्त नाही, कारण सासूबाईंच्या काठीचे टोक अडकता कामा नये. ते टोक आम्ही मोजून पाहिले. खिळ्यांच्या ठिकाणी सांध्यांना जस्त चढवलेले नटबोल्ट घातले.

लाकडाला औषध कोणते लावावे यावर एक दिवस गेला. दुकानदाराने हिरवे औषध दाखवले, वाळवी जन्मात येणार नाही म्हणाला. मी भाचीला विचारले. तर गंमत अशी, की अमेरिकेतल्या त्या डेकांना वर्षानुवर्षे जे हिरवट औषध दाबून भरीत ते आपल्या देशातले! देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९३३ साली ते शोधले. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण. लाकूड टिकते खरे, पण आर्सेनिक म्हणजे सोमल. म्हणून २००३ साल संपल्यावर तिकडे ते घरगुती डेकांसाठी वापरणे थांबले. आमच्या ओट्यावर पापड वाळतात, सासूबाई अनवाणी चालतात, पोरे रांगतात. दुकानदाराला त्या डब्यात काय आहे ते सांगता येईना, म्हणून मी तो डबा परत ठेवला. खालच्या वाशांना आणि खांबांना काजूच्या टरफलांचे तेल लावले, होड्यांना लावतात तसे. ते अंगावर उडाले तर कातडी भाजल्यासारखी होते, तेव्हा हातमोजे घालूनच लावावे आणि पोरांना लांब ठेवावे. वरच्या फळ्यांना जवसाचे तेल.

काम ५ मेला सुरू झाले. वीस दिवसांचे म्हणून सांगितले होते, मृगाच्या आत आटपेल असा अंदाज. पण २०२५ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. मेच्या वीस तारखेपासूनच कोसळू लागला, आणि २५ मेला तर मोसमी पाऊस महाराष्ट्रात आल्याचे जाहीर झाले. आमचे वासे बसलेले, फळ्या अर्ध्या, मिस्त्रींची माणसे शेताच्या कामाला पळाली. मागले दार तीन आठवडे बंद होते. सासूबाईंना पुढच्या दाराने फिरवून न्यावे लागे, माझा हात धरून. नऊ वर्षांत त्यांनी माझा हात धरला नव्हता. त्या दिवसांत त्या फार चिडचिड्या झाल्या, जेवणावरून बोलल्या, माझ्या माहेरावरूनही बोलल्या. मी ऐकून घेतले. शेवटी ताडपत्रीखाली बसून मिस्त्री, आमचे हे आणि शेजारचे भावोजी यांनी ३० मेला शेवटची फळी ठोकली.

त्यानंतर पंधरवड्याने, १५ जूनला, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला. चार जीव गेले. टीव्हीवर ते बघताना आमचे हे उठले आणि काही न बोलता ओट्यावर जाऊन कठडा हलवून आले.

सासूबाई पहिल्यांदा नव्या ओट्यावर गेल्या तेव्हा मी दारात उभी होते, मागे गेले नाही. चार पावले, कठडा, पाच पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर त्या थांबल्या, पायाने चाचपले आणि उतरल्या. परत वर आल्यावर म्हणाल्या, "पाय ओळखतात. पण फळ्या मुक्या झाल्यात." ते खरेच आहे. घट्ट बसवल्यामुळे तिसरी फळी आता वाजत नाही. कोण आले ते त्या आता विचारतात, आणि आम्ही येतानाच "मी आहे हो" असे म्हणत येतो. मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याने कठड्याला एक छोटी घंटा बांधली. सासूबाईंनी ती दुसऱ्या दिवशी सोडायला लावली, म्हणाल्या, "मी काय देऊळ आहे?"

खर्च अखेर चव्वेचाळीस हजार तीनशे झाला. तेवीसशेचा फरक पडला तो ताडपत्री आणि वाढलेल्या मजुरीचा. कुजलेली तुळई न्हाणीच्या चुलीत गेली, तेथेही ती धड जळली नाही. माळ्यावर फणसाच्या दोन फळ्या शिल्लक आहेत. मंडळाच्या खोलीत फडताळ करायचे असेल तर मी द्यायला तयार आहे, चिटणीसबाईंनी विचार करावा.

पापडाचे काम यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ओट्यावर सुरू करू. बाराजणी बसायला हरकत नाही, मिस्त्रींना विचारून घेतले आहे. तुमच्या घरी माडीचा सज्जा असेल, न्हाणीचा लाकडी माळा असेल आणि खालून कसे बघायचे ते पाहायचे असेल, तर पेचकस आणि बॅटरी घेऊन कधीही या. मात्र गुरुवारी नको, गुरुवारी मी आमसुले घेऊन बाजाराला गेलेली असते.